बागकाम म्हणून मंजूर

काटकोन अध्यक्ष झाले ते खुर्चीमुळे. म्हणजे खुर्चीच्या मोहामुळे नव्हे, खुर्चीवर चढल्यामुळे.

शहरातल्या आर्किटेक्टांच्या संघटनेची वार्षिक सभा चालू होती. आधीचे अध्यक्ष परगावी मुलीकडे राहायला गेले होते आणि जाताना पद इथेच ठेवून गेले होते. ते कुणी उचलावं यावर सभागृहात बराच वेळ शांतता होती. समोरच्या भिंतीवर एका माजी अध्यक्षांचा फोटो किंचित डावीकडे कलला होता. काटकोनांना असलं काही बघवत नाही. कॉलेजात असल्यापासून वाकडं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात, म्हणून तर हे नाव पडलं. खरं नाव आता फक्त वीजबिलावर येतं. ते उठले, खुर्ची भिंतीला लावली, वर चढले आणि फोटो सरळ करू लागले. नेमकं त्याच वेळी सचिवांनी जांभई आवरत विचारलं, "अध्यक्षपदासाठी कोण उभं आहे?"

सगळ्यांनी सभागृहभर नजर फिरवली. उभे एकटे काटकोनच होते.

टाळ्या पडल्या तेव्हा त्यांना वाटलं, फोटो सरळ झाला म्हणून पडल्या.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला बातमी सांगितली. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे भावना व्यक्त करण्याआधी ती उदाहरण नीट वाचून घेते.

"अध्यक्षाने करायचं काय असतं?"

"नेतृत्व."

"कुणाचं?"

"व्यवसायाचं. समाजापुढे आपली भूमिका मांडायची. समाजाला आर्किटेक्ट म्हणजे काय हेच कळत नाही गं. लोकांना वाटतं, इस्त्रीचा शर्ट घातलेला कंत्राटदार."

"मांडा की," बायको म्हणाली. "त्याआधी न्हाणीघराचं बघा. पाणी अजून दाराकडेच येतंय. जाळी दुसऱ्या कोपऱ्यात आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवं."

काटकोनांनी या टीकेकडे दुर्लक्ष केलं. सार्वजनिक जीवनात पडलं की हे सोसावंच लागतं, असं त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं होतं.

आता मुळात हा माणूस काही पेटून उठणारा नव्हे. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या गॅलऱ्या बंद करून दिल्या, स्वयंपाकघरातले ओटे वाढवून दिले आणि एकदा एका गिऱ्हाइकाला कुत्र्यासाठी दोन खणी घर काढून दिलं, ज्याचं कौतुक अजून होतं. पण पद अंगावर पडलं की माणसाचा आवाज बदलतो. पदग्रहणाच्या कार्यक्रमात काटकोन बोलायला उभे राहिले आणि स्वतःच्याच आवाजाच्या प्रेमात पडले. शहरातल्या एकाही सार्वजनिक इमारतीत रॅम्प नाही, म्हातारी माणसं, काठीवाली, व्हीलचेअरवाली, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, सगळे पायरीशी अडतात, आणि हे चित्र पालटेपर्यंत संघटना स्वस्थ बसणार नाही, असं ते म्हणाले. तोवर संघटना अत्यंत स्वस्थ बसलेली होती. मागच्या रांगेत एकजण तर घोरत होता.

कार्यक्रमाला एक वार्ताहर आला होता. दुसऱ्या दिवशी छापून आलं, "शहरातल्या सर्व पायऱ्या काढून टाका! आर्किटेक्टांची मागणी."

खालच्या मजल्यावरचे काका सकाळीच वर्तमानपत्र घेऊन वर आले. हे काका निवृत्त झाल्यापासून पूर्णवेळ सल्ला देतात. "काढा, जरूर काढा," ते म्हणाले. "पण आपल्या जिन्यापासून सुरुवात करू नका. मला गच्चीवर वाळवणं घालायची असतात." मग बराच वेळ बसून त्यांनी लिफ्ट या विषयावर आपली मतं मांडली. तिसरा चहा झाल्यावर जाता जाता म्हणाले, "आणि एक लक्षात ठेवा. नगरपालिकेला कधी काही सुचवू नये. त्यांना ते पटलं तर पंचाईत होते."

काटकोन यावर हसले. पुढे त्यांना हे हसणं आठवायचं.

संघटनेचं शिष्टमंडळ नगरपालिकेत गेलं. बांधकाम खात्याचे अधिकारी फार सभ्य निघाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, चहा मागवला. "अगदी बरोबर बोललात साहेब," ते म्हणाले. "प्रत्येक सार्वजनिक इमारतीला रॅम्प हवाच. नियमच आहे तसा. तुमचं सभागृह सार्वजनिकच ना?"

"हो," सचिव अभिमानाने म्हणाले. "सर्वांसाठी खुलं असतं."

"रॅम्प आहे?"

सचिवांनी काटकोनांकडे पाहिलं. काटकोनांनी चहाकडे पाहिलं.

नोटीस चार दिवसांत आली. संघटनेने आपल्या सभागृहाला तातडीने रॅम्प बांधावा, अन्यथा सभागृहाला कुलूप लावण्यात येईल.

वाचणाऱ्याला वाटेल, आर्किटेक्टांच्या संघटनेला एक रॅम्प बांधायचा म्हणजे हलवायाने चहात साखर घालण्यासारखं. तसं नव्हतं. सभागृहाचं जोतं माणसाच्या छातीएवढं उंच. समोर रुंद, ऐटबाज, दगडी पायऱ्या. आता रॅम्पचा हिशेब असा की एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी लागते. नाहीतर तो रॅम्प न राहता घसरगुंडी होते. सरळ काढला तर आपला रॅम्प फाटकातून बाहेर पडून, रस्ता ओलांडून, समोरच्या केशकर्तनालयात जाऊन संपत होता. केशकर्तनालयाच्या मालकाची हरकत नव्हती. उलट लवकर करा म्हणाला.

काटकोनांनी सदस्यांकडून आराखडे मागवले. ही चूक होती. आर्किटेक्टला आराखडा मागितला की तो देतो. सचिवांनी गोल गोल फिरत जाणारा रॅम्प दिला, ज्यात वर पोचेपर्यंत माणसाला चक्कर आली असती. एका तरुण बाईंनी सभागृहच खाली उतरवायचं सुचवलं. एकाने कोरा कागद पाठवला आणि खाली लिहिलं, "अडथळा मनात असतो." सगळ्यांनीच आराखडे दिल्यामुळे निवड करायला कुणी उरलं नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "सरांना विचारू या."

सर म्हणजे संघटनेचे संस्थापक. तिथल्या निम्म्या लोकांना त्यांनी कॉलेजात शिकवलेलं. पण सर कित्येक वर्षांत सभागृहात फिरकलेच नव्हते. संघटनेची घटना बदलली तेव्हा त्यांचं एक कलम वगळलं गेलं होतं, त्याचा राग डोक्यात घालून बसलेत, असं सगळे धरून चालले होते. त्या रागाच्या सन्मानार्थ दर वर्षी सभेत दिलगिरीचा ठराव मंजूर होत असे. तो सरांना कळवायला हवा, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

काटकोन आणि सचिव भीत भीत सरांच्या घरी गेले. दार उघडं होतं. सर खिडकीशी व्हीलचेअरवर बसून पेन्सिलीला टोक करत होते.

"सर, तुमचा राग..." सचिवांनी सुरुवात केली.

"कसला राग?"

"ते कलम..."

"कुठलं कलम? अरे, गुडघे गेले माझे. तुमच्या त्या पायऱ्या कोण चढणार?"

एवढी वर्षं एक माणूस पायऱ्यांमुळे येत नव्हता आणि संघटना त्याची समजूत ठरावांनी काढत होती. काटकोन म्हणाले, "सर, म्हणजे रॅम्प होतोय ते खरं तर तुमच्यासाठीच म्हणायचं."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "कुठे होतोय?"

"समोर. पायऱ्यांच्या जागी."

"त्या पायऱ्या कुणी आखल्यात ठाऊक आहे? मी. एकेक दगड उभं राहून बसवून घेतलाय. माझ्या पायऱ्यांना हात लावायचा नाही."

"पण सर, तुम्हालाच चढता येत नाही."

"मला चढता येत नाही हा माझा दोष आहे," सर म्हणाले. "पायऱ्यांचा नाही."

परत येताना सचिव एवढंच म्हणाले, "अजून तसेच आहेत."

इथून संघटनेत फूट पडली. निम्मे उतारवाले झाले, निम्मे पायरीवाले. दोन्ही गट काटकोनांना फितूर समजत होते. उतारवाले म्हणत, सरांना घाबरतो. पायरीवाले म्हणत, सरांना विसरला. आयुष्यात कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेल्या माणसाविषयी एवढं बोललं जात होतं, की बायकोलाही ते शाळेच्या शिक्षक-खोलीत ऐकू आलं.

"राजीनामा देऊन टाका," ती म्हणाली.

"सरांचं काय?"

"ते तर नकोच म्हणतायत ना रॅम्प?"

"म्हणतायत," काटकोन म्हणाले आणि ताटातल्या पोळीची चौकोनी घडी घालून तसेच बसून राहिले. बायकोने घडीकडे पाहिलं आणि विषय वाढवला नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहाभोवती फेऱ्या मारताना त्यांना बाजूची गल्ली दिसली. संघटनेची भिंत आणि शेजारच्या दंतवैद्यांचं कंपाउंड यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता, ज्यात मोडक्या खुर्च्या आणि जुने ठराव टाकलेले असत. मधलं कंपाउंड पाडलं, तर दोन्हीकडची जागा मिळून रॅम्प मागे जाऊन, वळून, अलगद वर चढू शकत होता. पुढच्या पायऱ्या जशाच्या तशा. शिवाय दंतवैद्यांच्या दवाखान्याचं दारही उंचावर होतं, त्यांच्याही पेशंटांची सोय झाली असती. अडचण एकच. सचिवांनी मागे एकदा दंतवैद्यांच्या पाटीविरुद्ध तक्रार केली होती. पाटीवर माणसाएवढी दाढ होती, आणि ती शहराच्या सौंदर्यदृष्टीला बाधक आहे, असं संघटनेचं मत होतं.

काटकोन दवाखान्यात गेले. दंतवैद्यांनी त्यांना ओळखलं आणि अत्यंत प्रेमाने खुर्चीकडे हात केला. "आलाच आहात तर दात बघून घेऊ. तोंड उघडा."

"नाही, मी फक्त बोलायला..."

"मोठं उघडा."

पुढची वाटाघाट तोंडात दोन अवजारं आणि एक नळी असताना झाली.

"माझ्या पाटीबद्दल तक्रार तुम्हीच केली होती ना?"

"आँ."

"कबूल करताय हे चांगलं आहे. आता तुम्हाला माझी भिंत पाडायची आहे."

"आँ."

"रॅम्प माझ्या फाटकातून सुरू होईल. पेशंट आधी. तुमचे आर्किटेक्ट नंतर."

"आँ आँ!"

"दोनदा हो म्हणायची गरज नाही. आणि पाटी रॅम्पच्या तोंडाशी लागेल. चूळ भरा."

चूळ भरून होईपर्यंत करार झालेला होता. एक दाढही भरून झाली होती, जी काटकोनांच्या आठवणीप्रमाणे किडलेली नव्हती.

तरी ते खुशीत होते. नकाशा घेऊन ते परवानगीसाठी नगरपालिकेत गेले, आणि आठवडा उलटायच्या आत शिपाई दोन पाकिटं घेऊन आला. पहिल्यात विचारलं होतं, रॅम्प अजून का बांधला नाही. दुसऱ्यात विचारलं होतं, बाजूच्या मोकळ्या जागेत बांधकामाला बंदी असताना रॅम्प बांधायचा विचार का केला.

काटकोन दोन्ही घेऊन अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले. "साहेब, एक म्हणतं बांधा, एक म्हणतं बांधू नका."

"दोन वेगळी खाती आहेत," अधिकारी समजुतीने म्हणाले.

"पण दोन्हींवर सही तुमचीच आहे."

"सही माझी आहे. खातं वेगळं." मग कागद उलटसुलट करून म्हणाले, "सुनावणी लावतो. मूळ इमारतीच्या नकाशावर ज्यांची सही आहे, त्यांना हजर राहावं लागेल."

म्हणजे सरांना.

सर तयारच होते. आपल्या पायऱ्यांची बाजू मांडायला त्यांनी पांढरा सदरा घातला होता आणि घरून निघाल्यापासून ते मनातल्या मनात भाषण जुळवत होते. ओठ हलत होते. काटकोनांनी त्यांची खुर्ची ढकलत नगरपालिकेच्या दारापर्यंत आणली आणि तिथे दोघे थांबले. समोर पायऱ्या होत्या. आपल्या सभागृहाच्या होत्या त्याहून उंच आणि, सरांच्या मते, अतिशय वाईट आखलेल्या.

अधिकारी वरून म्हणाले, "त्यात काय एवढं! उचलून आणू."

चार शिपाई आले. त्यांनी खुर्ची सरांसकट उचलली. सगळीकडे दाखले काढायला आलेल्या लोकांच्या रांगा होत्या. रांगा मोडून माणसं बघायला आली. अर्ध्यावर पुढचे दोघे म्हणाले, थांबू नका. मागचे दोघे म्हणाले, टेकवू या. त्यांच्यात वाद झाला. वाद चालू असताना सर हवेत तिरके होते. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती आणि डोळे मिटले होते. एवढ्यात त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटली, एकेका पायरीवर आपटत खाली गेली आणि अगदी तळाशी जाऊन उलटी पडली. एक म्हातारी तळाशी भिंतीला टेकून बसली होती. तिला वर जाता येत नव्हतं म्हणून तिचा मुलगा आत गेला होता. तिने ती चप्पल सुलट केली. कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं, असं काटकोनांना वाटून गेलं.

सुनावणीच्या खोलीत सर टेबलाशी आले. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. त्यांनी उघडा पाय दुसऱ्या पायामागे लपवायचा प्रयत्न केला, पण तो पाय त्यांचं ऐकत नव्हता.

"हं, आपलं म्हणणं मांडा," अधिकारी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

सरांचं सगळं भाषण बाहेरच कुठेतरी सांडलं असावं.

काटकोन उठले, पायऱ्या उतरले, म्हातारीकडून चप्पल घेतली, परत वर आले आणि जमिनीवर गुडघे टेकून सरांच्या पायात ती घातली. अध्यक्षाने सुनावणीच्या खोलीत असं करावं की नाही, याविषयी घटनेत काही लिहिलेलं नाही.

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. टेबलाकडे बघत म्हणाले, "कुठून काढतोयस रॅम्प? दाखव."

काटकोनांनी नकाशा पसरला. सरांनी तो फिरवून घेतला, बराच वेळ बघितला.

"वळण चुकलंय. खुर्ची वळायला इथे जागा हवी. कधी खुर्चीत बसलायस?"

"नाही सर."

"दिसतंय ते. खोडरबर आहे का?"

अधिकाऱ्यांनी खोडरबर पुढे केलं. मग आपले शिक्के आणि शाईचा डबा बाजूला सरकवून टेबल मोकळं केलं. सर आणि काटकोन वळण पुसत आणि काढत राहिले. "अरे जरा रुंद", "कठडा हाताशी घे", "असा नाही, गाढवा" असं खोलीत बराच वेळ ऐकू येत होतं. सचिव बाहेर उभे होते, त्यांना आतून "गाढवा" ऐकून बरं वाटलं. म्हणाले, सगळं सुरळीत चाललंय.

नकाशा झाल्यावर अधिकारी डोकं खाजवत म्हणाले, "पण ती मोकळी जागा... रॅम्प म्हटलं की बांधकाम झालं. बांधकामाला तिथे बंदी." ते थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. खाली ती म्हातारी अजून बसलेली होती. "असं करा. रॅम्प म्हणू नका. कडेला दोन कुंड्या दाखवा. मी बागकाम म्हणून मंजूर करतो. बागेतली पायवाट."

"पण ती वर चढते, साहेब."

"चढती पायवाट," अधिकारी म्हणाले आणि तसं लिहून सही केली. मग जरा अडखळत म्हणाले, "आणि आमच्या दाराचं पण काहीतरी बघाल का? संघटनेतर्फे. आराखडे मागवून."

"आराखडे मागवायचे नाहीत," काटकोन घाईने म्हणाले. "मीच काढून आणतो."

बागकाम दोन महिने चाललं. दंतवैद्यांनी भिंत पाडताना स्वतः पहिली वीट काढली आणि नंतर तिचा हिशेब मागितला. उतारवाले आणि पायरीवाले कुंड्यांच्या रंगावरून पुन्हा विभागले गेले, पण वेगळ्या गटांत, त्यामुळे बरीच वर्षं अबोला धरलेली माणसं एकमेकांशी बोलू लागली. खालचे काका रोज येऊन उतारावरून चालून बघत आणि गुडघ्यांना आराम पडतो म्हणून सांगत, आणि तेवढ्यातच सल्लाही देत.

उद्घाटनाला काटकोनांनी भाषण तयार केलं होतं. रेशमी फीत बांधली होती. पण कार्यक्रमाच्या आधीच गाल सुजलेला एक पेशंट घाईघाईने आला, फीत गळ्यात अडकवून तसाच वर चढला आणि दवाखान्यात शिरला. त्यामुळे उद्घाटन झालेलंच होतं.

सर आले. मोठ्या दाढेच्या पाटीखालून त्यांची खुर्ची आत वळली. सचिव ढकलायला पुढे झाले, तर सरांनी त्यांचा हात बाजूला केला. चाकं स्वतःच्या हातांनी फिरवत ते निघाले. थोडं वर, मग थांबायचं, दम घ्यायचा, पुन्हा थोडं वर. काहीजण कडेला उभे होते, बाकीचे सदस्य उद्घाटनानंतरच्या सभेसाठी आत बसले होते. वळणावर त्यांनी खुर्ची फिरवली. ती भिंतीला न घासता फिरली. त्यांनी मान वर करून एकदा त्या वळणाकडे पाहिलं. मग वर पोचले, सभागृहाच्या दारात क्षणभर थांबले, आत डोकावले, आणि आत जायचं सोडून खुर्ची वळवली आणि पुन्हा खाली निघाले. खाली पोचून परत वर. तिसऱ्या खेपेला सभागृहात बसलेले सगळे सदस्य बाहेर कठड्याला येऊन उभे होते, त्यामुळे सभेला आत कुणीच नव्हतं आणि गणसंख्येअभावी ती तहकूब करावी लागली. काटकोनांच्या खिशातलं भाषण खिशातच राहिलं.

शेवटी सर त्यांच्यापाशी थांबले. कपाळावर घाम होता. त्यांनी काटकोनांकडे, मग कठड्याकडे, कुंड्यांकडे, जमलेल्या माणसांकडे, आणि पुन्हा काटकोनांकडे पाहिलं.

"बरं झालं," सर म्हणाले आणि आत गेले.

घरी आल्यावर काटकोनांनी चपला दारात जोडीने लावल्या आणि बायकोला सगळं सांगितलं. फीत, पेशंट, तहकूब झालेली सभा, सगळं. शेवटी म्हणाले, "आणि सर म्हणाले, बरं झालं."

"काय बरं झालं? रॅम्प की तुम्ही अध्यक्ष झालात ते?"

"ते विचारलं नाही मी."

"विचारायचं ना!"

"विचारलं असतं," काटकोन म्हणाले, "तर त्यांनी सांगितलं असतं."